उष्टा उजेड

कुडतरीच्या मैदानावर, दक्षिणेकडच्या गोलमागे
नवं स्टँड उभं राहिलं त्या वर्षी
कायतानने मला बोलावून घेतलं.
"बाई, तुम्ही झाडांच्या मास्तरीण ना?
पळयात, हें तण पिशें जालां."

पिसं म्हणजे काय, तर
गोलसमोरच्या चौकोनातली दूर्वा
जमिनीला बिलगायचं सोडून उभी राहिली होती.
पेरं लांब, पानं अरुंद, पातळ,
तापातून उठलेल्या माणसाच्या मनगटासारखी.
आणि मैदानाच्या मध्यावर तीच दूर्वा, त्याच वेलाची,
आखूड, दाट, बुटाखाली करकरणारी.

जूनमध्ये दुपारचा सूर्य डोक्याच्या उत्तरेला असतो,
तेव्हा स्टँडची सावली मागे रस्त्यावर पडते.
चवथ आटोपली की ती मैदानात उतरते,
रोज चार-पाच बोटं पुढे.
फेस्ताच्या दिवसांत सहा यार्डांची रेघ ओलांडते.
कायतान चुन्याने तिची हद्द आखून ठेवायचा,
तारखेसकट, जणू जमिनीचा दावा चालू आहे.

मी मुलीची नखांची पारदर्शक पॉलिश आणली,
पानाच्या पाठीवर थेंब पसरला,
वाळला तसा चिकटपट्टीने पापुद्रा उचलला
आणि कॉलेजच्या सूक्ष्मदर्शकाखाली मोजत बसले.
उन्हातल्या पानावर छिद्रांची दाटी,
सावलीतल्या पानावर जेमतेम निम्मी,
बाजार उठल्यावर उरलेल्या पथाऱ्यांसारखी.
पॉलिश संपली म्हणून मुलगी दोन दिवस बोलली नाही.

कायतानला सांगितलं ते असं :
गवताचं पान शेंड्याने वाढत नाही, बुडाने वाढतं.
शेंडा सगळ्यात म्हातारा.
नवं पान जुन्यांच्या गुंडाळीत असतं, काळोखात,
ऊन त्याने अजून पाहिलेलंच नसतं,
आणि तिथेच ठरून जातं
छिद्रं किती, जाडी किती.
"मग ताका सांगता कोण?"
बाहेरची जुनी पानं. ती ऊन चाखतात, आत निरोप धाडतात.
कुठल्या भाषेत, ते आम्हालाही
अजून नीट वाचता येत नाही.

तो कापायच्या मशीनला टेकून उभा राहिला,
बराच वेळ.
मग कोपऱ्यातल्या आंब्याकडे बोट :
"आणि त्याच्या मुळातलं?"

आंबा तांबडा उजेड आधीच खाऊन घेतो, कायतान.
खाली झिरपतो तो उष्टा.
गवताला चव कळते,
आपल्याआधी कुणीतरी जेवून गेलंय,
म्हणून ते मान लांब करतं.
सिमेंटची सावली उष्टी नसते,
नुसतीच कमी वाढलेली.

उपाय साधा होता. इथलं गवत बोटभर उंच ठेव,
जेवढं पान, तेवढं जेवण.
गोलकीपर सावियो कुरकुरला, चेंडू अडतो म्हणून.
कायतान त्याला म्हणाला, तू अडव, तुझंच काम ते.

त्याचा आग्नेल स्विंडनला एका गोदामात असतो,
बहुतेक रात्रपाळीला.
डिसेंबरातल्या एका रविवारी, दुपारी साडेतीनला,
मी सावलीच्या रेघेवर ओणवी होते
आणि हा फोन उंच धरून मैदानभर फिरवत होता :
"पळे पुता, कितलें वोत! पळे!"
पडद्यावर एक राखाडी खिडकी,
स्वेटरच्या बाहीत अर्धा हात,
आणि "हंय पाय, हंय" एवढंच.

मला वाटलं सांगावं,
जुनं पान सांगतं ते
स्वतःवर पडलेल्या उन्हाचंच.
पण कायतान अजून फोन फिरवत होता,
आता आंब्याकडे, आता कपेलाच्या कुरसाकडे,
डोळे किलकिले करून,
मुलाला काही सुटू नये म्हणून.

मी पट्टी पानाला लावली.
वहीत लिहिलं :
रुंदी एक पूर्णांक आठ मिलिमीटर. सावली.
नवं पान अजून गुंडाळीत.